आधी कसोटी, मग विश्वास : डॉ. जयंत नारळीकर आणि आपली विज्ञाननिष्ठा

२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर पुण्यात गेले. त्या दिवशी आपल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो आणि खाली ‘थोर विज्ञानवादी शास्त्रज्ञास विनम्र अभिवादन’ अशी ओळ फिरली. ते योग्यच होतं. ज्योतिषाला विज्ञान म्हणू नका, असं आयुष्यभर सांगणारा हा माणूस आंबेडकरी चळवळीला जवळचा वाटणं स्वाभाविक आहे.

पण अभिवादन केल्यावर पुढे काय? नारळीकर नेमका कसा विचार करत? एखादी गोष्ट खरी आहे हे ठरवायची त्यांची रीत कोणती होती? हा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण आपण स्वतःला विज्ञाननिष्ठ धम्माचे वारस म्हणवतो. वारसा सांगायला सोपा असतो, वापरायला अवघड. नारळीकरांच्या आयुष्यातल्या चार-पाच घटना नीट पाहिल्या तर ही रीत समजते, आणि ती आपल्यालाही लागू करता येते.

कोण होते नारळीकर?

जन्म १९ जुलै १९३८, कोल्हापूर. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. बनारसहून ते केंब्रिजला गेले. तिथे फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ मध्ये पीएचडी झाली. १९६४ मध्ये दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७२ मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. तिचे ते संस्थापक संचालक. २००३ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. २००४ मध्ये पद्मविभूषण, २०१४ मध्ये ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी साहित्य अकादमी पुरस्कार आणि २०२१ मध्ये नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, असा हा प्रवास आहे.

घरात विद्या होती, पुस्तकं होती, परदेशी जायची वाट माहीत होती. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात यातलं काहीच नव्हतं. हा फरक लपवायचं कारण नाही, आणि त्याच्याकडे मी पुढे येणारच आहे. पण ज्या घरातून माणूस आला ते एक, आणि त्याने सत्य तपासायला जी पद्धत वापरली ते दुसरं. पद्धत कुणाच्या घरची नसते.

दोनशे पत्रिका आणि सत्तावीस ज्योतिषी

२००८ मध्ये पुण्यात एक प्रयोग झाला. नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे आणि पूर्वी स्वतः ज्योतिष सांगणारे प्रकाश घाटपांडे हे चौघे त्यामागे होते.

दावा ज्योतिषांचाच होता : पत्रिकेवरून माणसाची बुद्धी कळते. मग १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० बौद्धिक दिव्यांग मुलांच्या जन्मवेळा व जन्मस्थळं कार्यकर्त्यांनी गोळा केली. त्यावरून २०० पत्रिका तयार केल्या. प्रत्येक पत्रिकेवर नाव नाही, फक्त खुणेचा क्रमांक. कोणता क्रमांक कोणत्या मुलाचा, हे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात बंद. ज्योतिषांना ते माहीत नव्हतं, प्रयोग करणाऱ्यांनाही नव्हतं. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका पाठवायच्या आणि त्याने एवढंच सांगायचं : हे मूल हुशार आहे की दिव्यांग?

५१ जणांनी तयारी दाखवली. उत्तरं पाठवली २७ जणांनी. सगळ्यात चांगला निकाल ४० पैकी २४ बरोबर, तोही एकाचाच. सरासरी २० पेक्षाही खाली. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरं बरोबर निघाली.

इथे थोडं गणित करू. नाणं उडवून छापा आला तर ‘हुशार’ आणि काटा आला तर ‘दिव्यांग’ असं लिहीत गेलो, तरी ४० पैकी साधारण २० उत्तरं बरोबर येतात आणि २०० पैकी साधारण १००. संस्थेची १०२ म्हणजे नाण्याइतकीच. मग २४ बरोबर आलेला तो एक जण? त्याच्याकडे काही विद्या असेल का? २७ माणसांनी प्रत्येकी ४० वेळा नाणं उडवलं, तर नुसत्या योगायोगाने त्यातल्या तिघा-चौघांची २४ किंवा जास्त उत्तरं बरोबर यायला हवीत. इथे आला एकच. योगायोगाने नव्हे तर खरंच काही कळतं, असं म्हणायला निदान २८ तरी बरोबर यायला हवी होती. तेवढी नशिबाने शंभरातून जेमतेम एकदा येतात. तिथवर कुणीच पोचलं नाही.

या प्रयोगाचा अहवाल नारळीकरांनी २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. कुणाला शिव्या नाहीत, टिंगल नाही. दावा असा होता, तपासला असा, आकडे असे आले.

प्रयोगात सोबत असलेल्या दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून खून झाला. ‘तपासून पाहू’ हे दोन शब्दांइतकं साधं वाक्य आपल्याकडे जीवावर बेतू शकतं, हे विसरू नये.

चाकणच्या कामगाराला हे आधीच माहीत आहे

हा प्रयोग भारी वाटतो, पण त्यामागचा विचार आपल्या पट्ट्यातल्या हजारो कामगारांच्या रोजच्या कामात आहे. भोसरी, तळवडे, चाकण, कुठल्याही मशीन शॉपमध्ये जा. ऑपरेटरने पार्ट बनवला. तो बरोबर आहे हे कोण ठरवतं? ऑपरेटरचं मन नाही, सुपरवायझरचा आवाज नाही. गेज ठरवतं. गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो बाजू जाता कामा नये. गेली तर पार्ट रिजेक्ट. मग तो वीस वर्षांच्या अनुभवी माणसाने बनवलेला असो की कालच लागलेल्या पोराने.

आणि गेजवर तरी आंधळा विश्वास असतो का? नाही. त्याच्यावर कॅलिब्रेशनची चिठ्ठी असते, तिच्यावर तारीख असते. तारीख उलटली की ते गेज वापरायचं नाही. म्हणजे मोजणाऱ्यालाही कुणीतरी मोजतं.

नारळीकरांच्या प्रयोगात हेच होतं. माप आधी ठरलं, पार्ट नंतर तपासला. बनवणारा आणि तपासणारा वेगळा ठेवला. निकाल कुणाच्या हातात राहू दिला नाही. विज्ञान म्हणजे रॉकेट आणि दुर्बीण असं आपल्याला शाळेत वाटू लागतं. खरं तर विज्ञान म्हणजे आपला दावा अशा कसोटीला लावणं, जिथे आपण हरूही शकतो. हरण्याची शक्यताच नसेल तर ती कसोटी नव्हे, तो देखावा.

नाव झाकलं तेव्हा

१९७४ ची गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. नारळीकर तेव्हा देशभर नावाजलेले. त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण लेखकाचं नाव दिलं ‘नारायण विनायक जगताप’. ज. वि. ना. ही आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून पत्नी मंगला नारळीकर यांनी कथा आपल्या हाताने लिहून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

त्यांना जाणून घ्यायचं होतं की कथा चांगली आहे, की नुसतं नाव मोठं आहे. पत्रिकांवरची नावं त्यांनी १९७४ नंतर चौतीस वर्षांनी झाकली. कथेवरचं स्वतःचं नाव आधी झाकलं होतं.

आपल्या वाचकाला यात आणखी एक गोष्ट दिसेल. आपल्याकडे नाव झाकायची वेळ वेगळ्या कारणाने येते. भाड्याने खोली बघायला गेलेला मुलगा आडनाव सांगताना अडखळतो. मुलाखतीत ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला जातो, तेव्हा तो कशासाठी आहे हे आपल्याला कळतं. नारळीकरांनी नाव झाकलं कारण त्याचा फायदा नको होता. आपली मुलं झाकतात कारण त्याचा तोटा होतो. पण दोन्हीतून निष्कर्ष एकच निघतो : जिथे नाव पाहून गुण मोजले जातात तिथे सत्य सापडत नाही. ‘नावं झाकून तपासा’ ही मागणी जितकी वैज्ञानिक आहे तितकीच सामाजिक न्यायाचीही आहे.

हीच कसोटी आपल्या घरातही लावावी लागेल. आपल्या सभांमध्ये मुद्दा काय आहे हे आधी ऐकलं जातं, की कोण बोलतंय, कोणत्या गटाचा आहे, कोणत्या नेत्याच्या जवळचा आहे हे आधी पाहिलं जातं? तरुण मुलीने मांडलेला मुद्दा आणि तोच मुद्दा ज्येष्ठ पदाधिकाऱ्याने मांडला तर टाळ्या सारख्या पडतात का?

स्वतःच्या सिद्धांतावर वेळ आली तेव्हा

दुसऱ्याचा दावा तपासणं सोपं असतं. खरी परीक्षा स्वतःच्या दाव्याची. नारळीकरांचं आयुष्य इथे जास्त शिकवून जातं.

विश्व पसरत आहे, दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे एडविन हबलच्या १९२९ च्या निरीक्षणांपासून सर्वांना माहीत होतं. वाद होता तो कारणाचा. एक गट म्हणत होता की फार पूर्वी सगळं विश्व अतिशय दाट आणि उष्ण होतं आणि तिथून ते पसरू लागलं. हा महास्फोटाचा सिद्धांत. १९४८ मध्ये हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी दुसरा विचार मांडला : विश्वाला सुरुवात नाही. ते पसरतं तसं मधल्या जागेत थोडं थोडं नवं द्रव्य तयार होतं, त्यामुळे ते नेहमी सारखंच दिसतं. हा स्थिर स्थितीचा सिद्धांत.

१९६१ च्या फेब्रुवारीत केंब्रिजचेच रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांनी लंडनमध्ये जाहीर केलं की रेडिओ स्रोतांच्या मोजणीतून स्थिर स्थितीचा सिद्धांत चुकीचा ठरतो. हॉईलना उत्तर द्यायचं होतं. काही दिवसांतच रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत त्यांच्या बाजूने उभा राहिला तो त्यांचा बावीस वर्षांचा विद्यार्थी, नारळीकर. समोर सगळे दिग्गज. त्याने आकडे मांडले आणि राईल यांच्या निष्कर्षाखेरीज आणखी अर्थ कसा निघू शकतो हे दाखवलं. कुणी ‘तू कोण?’ म्हणून खाली बसवलं नाही. ज्या समाजात विद्यार्थी गुरूच्या वतीने जाणत्यांशी वाद घालू शकतो, तिथेच ज्ञान पुढे जातं.

पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९६५ मध्ये पेंझियास आणि विल्सन यांना अवकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे मंद प्रारण सापडलं. तापमान शून्याखाली साधारण २७० अंश सेल्सिअस. महास्फोटाच्या सिद्धांतात अशी शिल्लक ऊब अपेक्षित होती. जगातले बहुतेक शास्त्रज्ञ त्या बाजूला गेले. हॉईल आणि नारळीकर मात्र पर्याय शोधत राहिले. १९९३ मध्ये त्यांनी जेफ्री बर्बिज यांच्यासोबत जुन्या सिद्धांतात बदल करून नवी मांडणी केली. ती बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारली नाही. आजही स्वीकारलेली नाही. नारळीकर या विषयात शेवटपर्यंत अल्पमतात राहिले.

यातून दोन चुकीचे धडे निघू शकतात. पहिला : ‘बहुमत विरोधात आहे म्हणजे तो चुकलाच.’ दुसरा, आपल्या चळवळीत जास्त आवडणारा : ‘सगळे विरोधात आहेत म्हणजे तोच खरा.’ दोन्ही खोटे. डोकी मोजून सत्य ठरत नाही, आणि एकटं पडल्यानेही ठरत नाही.

नारळीकरांचा वेगळेपणा कशात होता ते पाहू. त्यांनी कुणाचं निरीक्षण नाकारलं नाही. प्रारण आहे हे मान्य केलं आणि त्याचं दुसरं कारण गणिताने मांडायचा प्रयत्न केला. ते आपलं म्हणणं संशोधन पत्रिकांतून, टीकाकारांसमोर मांडत राहिले. आणि आपली मांडणी खरी असेल तर आकाशात काय सापडायला हवं, उदाहरणार्थ अतिशय जुने तारे, हेही सांगून ठेवलं. म्हणजे आपण हरू शकतो ती जागा त्यांनी स्वतःच दाखवून दिली. मतभेद आणि हट्ट यांच्यात एवढाच फरक आहे. मतभेद करणारा सांगतो, ‘हे सापडलं तर मी चुकलो.’ हट्टी माणसाकडे असं वाक्य नसतं.

सापडणं आणि सिद्ध होणं

शोधाबद्दल त्यांचा संयमही पाहण्यासारखा आहे. वातावरणाच्या खूप वरच्या थरात सूक्ष्मजीव आहेत का, हे शोधायला इस्रोच्या मदतीने हैदराबादहून मोठे फुगे सोडले गेले. नारळीकर त्या कामाचे प्रमुख होते. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. तपासणी हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत वेगवेगळी झाली. २००९ मध्ये जाहीर झालं की जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला हॉईल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं.

‘परग्रहावरचे जीव सापडले!’ अशी बातमी करायला यापेक्षा चांगली संधी नव्हती. पण जाहीर करतानाच सांगितलं गेलं की हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. सापडलं तेवढंच सांगायचं, हवं होतं ते नाही. बातमी लिहिणाऱ्या आणि फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकाने ही शिस्त लक्षात ठेवावी.

‘सगळं आमच्या ग्रंथात आहे’

२००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं. नारळीकरांनी उघड विरोध केला. आधुनिक विज्ञानाचे शोध प्राचीन ग्रंथांत आधीच आहेत, या प्रकारच्या दाव्यांनाही त्यांनी नेहमी पुरावा मागितला.

त्यांच्याही आधी मेघनाद साहांनी हे केलं होतं. साहा १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या खेड्यात एका गरीब दुकानदाराच्या घरी जन्मले. जातीमुळे कोलकात्याच्या वसतिगृहात त्यांना इतरांपासून वेगळं जेवावं लागलं. त्याच मुलाने १९२० मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचं तापमान आणि घटक समजून घेण्याची वाट मोकळी करणारं समीकरण दिलं. जगभर ते ‘साहा समीकरण’ म्हणून शिकवलं जातं. त्यांनी एक किस्सा लिहून ठेवला आहे. ढाक्याचे एक वकील त्यांना विचारू लागले, तुम्ही नवीन काय शोधलंत? साहा समजावू लागले, तर दर दोन मिनिटांनी वकीलसाहेब म्हणत, यात नवं काय, हे सगळं वेदांत आहे. शेवटी साहांनी विचारलं, वेदांत नेमकं कुठे? ते म्हणाले, मी वेद वाचलेले नाहीत, पण असणारच.

आपण या किश्श्यावर मनापासून हसतो. आता आपल्या ग्रुपवरचे संदेश उघडून पाहा. ‘क्वांटम सिद्धांत बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितला.’ ‘अणूचा शोध त्रिपिटकात आहे.’ कुठल्या निकायात, कुठल्या सुत्तात, हे विचारलं तर उत्तर ढाक्याच्या वकिलांचंच मिळतं.

भविष्यकाळातला विश्वधर्म बौद्ध धम्मच असेल, अशा आशयाचं एक वाक्य अल्बर्ट आईनस्टाईनच्या फोटोसह दर बुद्धपौर्णिमेला फिरतं. आईनस्टाईनच्या लेखनात ते सापडत नाही. खरी गोष्ट अशी, की १९३० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये धर्म आणि विज्ञान या विषयावर लिहिताना त्यांनी बौद्ध धर्माचा आदराने उल्लेख केला आणि आपल्याला तो शोपेनहाउरच्या लेखनातून कळला असंही सांगितलं. हे खरं वाक्य लहान आहे, पण खरं आहे. खोट्या वाक्याने धम्माची उंची वाढत नाही. उलट ते खोटं आहे हे पकडणारा उद्या आपलं खरं बोलणंही ऐकणार नाही.

केसपुत्त नगरातल्या कालामांनी बुद्धांना विचारलं होतं : अनेक गुरू येतात, प्रत्येक जण आपलंच खरं म्हणतो, आम्ही कुणाचं मानावं? परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरूने सांगितलं आहे एवढ्यावर मानू नका, आचरणातून त्याने लोभ, द्वेष आणि मोह वाढतो की कमी होतो हे स्वतः जाणा, असा त्या उपदेशाचा आशय. ही कसोटी जगण्याची आहे, प्रयोगशाळेची नाही. ती भौतिकशास्त्राचं पुस्तक आहे असं म्हणायची गरजच नाही. ‘एहिपस्सिको’, ये आणि पाहा, एवढं निमंत्रण पुरेसं मोठं आहे. दीघ निकायात भविष्यकथन आणि ग्रहताऱ्यांवरून शकुन सांगणं भिक्खूंसाठी हीन विद्या म्हणून नाकारलं आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बुद्धवचन ओळखायच्या कसोट्या दिल्या, त्यात पहिली तर्काला पटण्याची. म्हणजे बुद्धांच्या नावावर आलेलं प्रत्येक वाक्यही तपासूनच घ्यायचं. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्याच पट्ट्यात, देहूरोडला, बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या धम्मभूमीवर दरवर्षी जाणाऱ्यांनी निदान एवढी अट पाळली पाहिजे.

माणूस ज्योतिषाकडे का जातो?

आकडे दाखवले की लोक ज्योतिषाकडे जायचे थांबतील, असं मात्र समजू नका. समाजशास्त्राच्या वर्गात मालिनोव्स्की यांचा अभ्यास शिकवतात. ट्रोब्रिअंड बेटांवरचे लोक शांत खाजणात मासेमारी करताना मंत्रतंत्र करत नसत. खुल्या समुद्रात, जिथे वादळाचा धोका आणि मासे मिळतील याची खात्री नाही, तिथे जाताना मात्र भरपूर करत. अनिश्चितता वाढली की जादू वाढते.

आपला पट्टा हा खुला समुद्र आहे. सात-आठ महिन्यांनी ब्रेक मिळणारा कंत्राटी कामगार, कायम होण्याची वाट पाहणारा ट्रेनी, ठेकेदार पगार कधी देईल हे माहीत नसलेली बाई. त्यांच्यातलं कुणी साडेसाती विचारायला गेलं तर त्याला मूर्ख ठरवून आपलं काम होत नाही. बौद्ध वस्त्यांतही लग्नाची तारीख ठरवताना अमावास्या टाळली जाते, दुकानाला लिंबू-मिरची लागते. बावीस प्रतिज्ञा पाठ असतात आणि भीतीही शाबूत असते. म्हणून पत्रिकेविरुद्धचं भाषण आणि कंत्राटी पद्धतीविरुद्धचा लढा या वेगळ्या गोष्टी नाहीत. पायाखालची जमीन घट्ट झाली की आकाशातल्या ग्रहांची भीती आपोआप कमी होते.

आपण काय करू शकतो?

नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर आणि खाली सही मिळेल. हीच सवय विहारात आणता येईल. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास प्रश्नपेटी उघडा. उत्तर माहीत नसेल तर ‘पुढच्या रविवारी शोधून सांगतो’ असं म्हणा.

वर्षावासात पत्रिकेचा छोटा प्रयोग करा. वीस माणसांचे भविष्यवाचन नावं झाकून वाटा आणि कुणाचं कोणतं ते ओळखायला सांगा. जयंतीच्या निबंध स्पर्धेत नावाऐवजी क्रमांक लावा, म्हणजे परीक्षकाला आडनाव, वस्ती, गट काहीच कळणार नाही. कुठलाही संदेश पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा : हे कुणी म्हटलं, कुठे म्हटलं, आणि हे खोटं असेल तर मला कसं कळेल?

आणि मुलांना घेऊन बाहेर पडा. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ महापालिकेचं सायन्स पार्क आहे. आयुकामध्ये शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होत आली आहेत. चाकणवरून नाशिक रस्त्याने नारायणगावच्या पुढे खोडदला गेलात तर गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरतं. आपली मुलं त्याच रस्त्याने रोज कंपनीच्या बसने चाकणला जातात. बस आणखी थोडी पुढे जायला हवी.

साहा वसतिगृहात वेगळ्या पंगतीला बसून ताऱ्यांपर्यंत पोचले. आज आपल्यासाठी दारं थोडी जास्त उघडी आहेत. पण आत जाऊन आपण फक्त आपलंच खरं कसं हे सांगत बसलो, तर ढाक्याच्या वकिलाची खुर्ची तेवढी आपल्याकडे येईल. नारळीकरांना अभिवादन करायचं असेल तर या आठवड्यात आपल्या आवडीचा एखादा दावा घ्या, मनापासून पटलेला, आणि त्याला गेज लावा.